सडव्याचे लिटर मोजून हातभट्टी विझत नाही

प्रति,
माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

हातभट्टीवर छापा पडल्याची बातमी आपल्या आणि इतरही वृत्तपत्रांत दर चार-आठ दिवसांनी येते. अमुक इतके लिटर मोहफुलाचा सडवा, म्हणजे दारू गाळण्यासाठी आंबवलेले मिश्रण, जागेवरच नष्ट केला, इतकी गावठी दारू पकडली, मुद्देमालाची किंमत इतके रुपये, असा तिचा मजकूर असतो आणि शेजारी आडव्या केलेल्या पिंपांचे छायाचित्र असते. निवडणूक, होळी किंवा पोळा जवळ आला की या बातम्यांची संख्या वाढते. त्याच नाल्यावर त्याआधी किती वेळा छापा पडला होता, आधीच्या खटल्याचे पुढे काय झाले आणि महिन्याभराने तिथे पुन्हा धूर दिसला की नाही, हे मात्र त्या बातमीत कधीच नसते. मी नागपूर जिल्ह्यात 31 वर्षे तलाठी म्हणून नोकरी केली आणि त्या काळात अनेकदा पंच म्हणून अशा छाप्यांना गेलो. त्या अनुभवाच्या आधारे, आणि हे काम करणाऱ्या माणसांविषयी मनात असलेल्या आदरापोटी, हे पत्र लिहीत आहे.

उमरेडकडच्या एका साझ्यात (तलाठ्याच्या कार्यक्षेत्रात) असताना पौष महिन्यातल्या एका पहाटे राज्य उत्पादन शुल्क विभागाचे पथक मला घ्यायला आले. एक दुय्यम निरीक्षक, तीन जवान आणि गाडीचा चालक, इतकीच माणसे होती. आवाजाने सुगावा लागू नये म्हणून गाडी डांबरी रस्त्यावरच सोडून आम्ही तुरीच्या शेतांमधून, धुऱ्याधुऱ्याने, दोन किलोमीटर चालत गेलो. भट्टी दिसण्याआधी तिचा वास येतो. आंबलेल्या मोहफुलाचा तो गोडसर, नाकात बसणारा वास ज्याने एकदा घेतला त्याला तो विसरता येत नाही. नाल्याच्या काठावर झुडपांत जमिनीत गाडलेली दहा-बारा पिंपे होती, चुलीवर जर्मनचा (ॲल्युमिनियमचा) मोठा गंज चढवलेला होता आणि नळीतून धार पडत होती. माणूस आमची चाहूल लागताच नाला ओलांडून पळाला. त्याची बायको कडेवर मूल घेऊन तिथेच उभी राहिली. साहेबांनी भट्टीच्याच निखाऱ्यांवर लाख वितळवून नमुन्याच्या बाटल्यांना मोहर लावली, मी आणि दुसऱ्या पंचाने चिठ्ठ्यांवर सह्या केल्या, मांडीवर पुठ्ठा ठेवून पंचनामा लिहिला गेला आणि मग जवानांनी कुऱ्हाडीने पिंपे फोडली. ती बाई रडली नाही की भांडली नाही. ती इतकेच म्हणाली, “साहेब, फुलाचे पैसे त अजून देनंच हाय जी.”

त्या वाक्याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला. मोहफूल, पिंपे, नळी, गूळ आणि नवसागर हे सगळे तिला कोणीतरी उधारीवर आणून दिले होते आणि तयार माल तोच माणूस ठरलेल्या भावाने उचलून नेणार होता. पंचनाम्यात त्या माणसाचे नाव आले नाही, कारण पंचनामा फक्त त्या जागी सापडलेल्या वस्तूंचा आणि माणसांचा होतो. आरोपी ती बाई झाली. दहा दिवसांनी मी पीकपाहणीसाठी त्याच शिवारात गेलो, तेव्हा नाल्याच्या थोड्या वरच्या अंगाला धूर निघत होता.

सडव्याचे लिटर हे या कामाचे माप म्हणून का चालत नाही, हे जे लोक भट्टीच्या जवळ गेलेले नाहीत त्यांना सांगणे आवश्यक वाटते. सडवा म्हणजे पाण्यात भिजवून आंबवलेले मोहफूल. त्यात बहुतांश पाणीच असते. दोनशे लिटरच्या एका पिंपातून गाळून निघणारी दारू त्याच्या अगदी लहान हिश्शाइतकी असते. त्यामुळे दहा पिंपे फोडली की बातमीत दोन हजार लिटरचा आकडा येतो आणि वाचणाऱ्याला वाटते की एखादा कारखानाच उद्ध्वस्त झाला. प्रत्यक्षात मालकाचे नुकसान होते ते काही मण मोहफुलाचे, जुन्या प्लास्टिकच्या पिंपांचे आणि आठवडाभराच्या वेळेचे. हवामानानुसार पाच ते आठ दिवसांत नवा सडवा तयार होतो. मार्च-एप्रिलमध्ये पूर्व विदर्भातल्या झाडांखाली मोहफुलाचा खच पडतो, तो वाळवून वर्षभर साठवता येतो आणि 2021 मध्ये राज्य सरकारने मोहफुले गोळा करण्यावरचे आणि बाळगण्यावरचे जुने निर्बंध सैल केले आहेत. तो निर्णय योग्यच होता, कारण मोहफूल हे आदिवासी कुटुंबांचे अन्न आणि हक्काचे उत्पन्न आहे आणि गोरगरिबाच्या घरातल्या दोन पोत्यांवर छापा घालण्यात कोणतेही शौर्य नव्हते. परंतु त्याचा अर्थ असा की कच्च्या मालाच्या बाजूने भट्टी अडवण्याचा मार्ग आता जवळजवळ राहिलेला नाही. अडवायचे असेल तर तिच्यामागच्या पैशाच्या बाजूनेच अडवावे लागेल.

राज्य उत्पादन शुल्क विभागाचे जवान आणि दुय्यम निरीक्षक हे सारे जाणतात. त्यांच्याइतके ते कोणीच जाणत नाही. कोणत्या नाल्यावर कोणाचा माल उतरतो, कोणत्या किराणा दुकानातून गरजेपेक्षा जास्त गूळ आणि नवसागर उचलला जातो आणि कोणती दुचाकी पहाटे ट्यूबमध्ये दारू भरून शहराकडे येते, हे त्यांना तोंडपाठ असते. पण वरून दर महिन्याला जो तक्ता मागवला जातो त्यात रकाने आहेत ते गुन्ह्यांच्या संख्येचे, लिटरचे आणि मुद्देमालाच्या किमतीचे. ज्या माणसाला वीस गुन्हे नोंदवून दाखवायचे आहेत तो एका पुरवठादाराच्या मागे तीन महिने कसा राहील? तो वीस पिंपांपर्यंत जातो आणि परत येतो. यात त्याचा आळस नाही आणि त्याची नियतही वाईट नाही. जे मोजले जाते तेच तो करतो.

शिवाय या हातांवर कामे किती आहेत याचाही विचार व्हावा. वर्धा जिल्ह्यात 1974 पासून आणि गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात 2015 मध्ये ती लागू झाली आणि 2021 मध्ये उठली. या सगळ्या वर्षांत नागपुरातून वर्ध्याकडे जाणारी परवान्याची दारू अडवणे, मध्य प्रदेशातून छिंदवाडा आणि शिवनीच्या बाजूने येणारी दारू अडवणे, मद्यनिर्मितीच्या कारखान्यांवर देखरेख ठेवणे, दुकानांच्या नोंदवह्या तपासणे आणि या सर्वांच्या वर वसुलीचे उद्दिष्ट गाठणे ही कामे त्याच मोजक्या लोकांनी केली आहेत. हा विभाग राज्याच्या तिजोरीत वर्षाला 20,000 कोटी रुपयांहून अधिक महसूल आणतो. हातभट्टी मात्र एक रुपयाही महसूल देत नाही. तिच्यामागे घालवलेला दिवस हिशेबात तोट्याचाच दिसतो. ज्या कामातून पैसा येत नाही पण माणसे वाचतात, त्याला खात्यात मान मिळायचा असेल तर तो मान कागदावर वेगळा द्यावा लागेल.

आता न्यायालयाबद्दल लिहितो, कारण माझी खरी व्यथा तिथली आहे. वर सांगितलेल्या छाप्याचा खटला सहा वर्षांनी उभा राहिला. तोपर्यंत माझी दोन तालुक्यांत बदली झाली होती. समन्स मिळाले तेव्हा मला छापा आठवत होता, परंतु पिंपे अकरा होती की बारा, कोणत्या बाटलीवर माझी सही आधी होती आणि मोहर लावताना आरोपी किती अंतरावर उभी होती, हे मला शपथेवर सांगता येईना. बाटलीवरच्या चिठ्ठीची शाई ओलीने पसरलेली होती. दुसऱ्या पंचाने आपल्यासमोर काही घडलेच नाही, आपली सही कोऱ्या कागदावर घेतली, असे सांगितले. तो त्याच गावचा होता आणि त्याला त्याच गावात राहायचे होते, म्हणून त्याला दोष देण्याचे धाडस मला होत नाही. आरोपी निर्दोष सुटली. ती सुटली याचे मला दुःख नाही, कारण ती मुख्य गुन्हेगार नव्हतीच. दुःख याचे आहे की पौषाच्या थंडीत रात्रभर जागून पाच माणसांनी जे काम केले त्यातून त्या दहा दिवसांपलीकडे काहीच उरले नाही, आणि हे कसे टाळायचे हे त्यांतल्या कोणालाही कोणी कधी विचारले नाही.

हे टाळता येण्याजोगे होते आणि आज तर ते अधिक सोपे झाले आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण करणे बंधनकारक आहे, ते शक्यतो मोबाइलवर करावे असे कायदाच म्हणतो आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे आहे. पिंपांची मोजणी, नमुना काढणे, मोहर लावणे आणि सह्या हे सारे चित्रात आले, तर सहा वर्षांनंतर कोणा निवृत्त तलाठ्याच्या स्मरणशक्तीवर खटला अवलंबून राहणार नाही आणि गावातल्या पंचावरचा दबावही कमी होईल. मात्र त्यासाठी प्रत्येक पथकाकडे खात्याचा स्वतःचा मोबाइल हवा, जवानाच्या खिशातला खासगी नव्हे. चित्रीकरण कोठे साठवायचे याची व्यवस्था हवी. आणि प्रयोगशाळेचा अहवाल दोषारोपपत्रासोबत वेळेत जोडला जाईल इतके मनुष्यबळ प्रयोगशाळेतही हवे. मोहर कितीही पक्की असली तरी रासायनिक विश्लेषणाच्या अहवालाशिवाय ती बाटली न्यायालयात फक्त बाटलीच राहते. हातभट्टीवाल्याला 1981 च्या स्थानबद्धतेच्या कायद्यान्वये (एमपीडीए) एका वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येते, असे पुष्कळदा मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. ते खरे आहे, पण असे अनेक आदेश न्यायालयात टिकत नाहीत, कारण ती दारू जनतेच्या आरोग्याला घातक होती हे दाखवणारा ठोस पुरावा जोडलेलाच नसतो. त्यापेक्षा दारूबंदी कायद्याच्या कलम 93 खाली चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेणे आणि ते मोडले की त्याची रक्कम खरोखर वसूल करणे, हा साधा उपाय मी माझ्या नोकरीत क्वचितच शेवटपर्यंत नेलेला पाहिला.

हातभट्टीमुळे माणसे मरतात असे आपण सरसकट म्हणतो, त्यातही एक भेद ध्यानात घ्यावा. मोहफूल आंबवून गाळलेली दारू यकृत बिघडवते, संसार धुळीला मिळवते आणि वर्षानुवर्षे पिणाऱ्याला संपवते. पण एका रात्रीत पन्नास-शंभर माणसे दगावतात ती बहुधा मिथेनॉलमुळे. हे कारखान्यांत विद्रावक म्हणून वापरले जाणारे औद्योगिक रसायन आहे. जून 2015 मध्ये मुंबईतल्या मालाड-मालवणीत 100 हून अधिक माणसे मेली, जुलै 2022 मध्ये गुजरातेतल्या बोटाद भागात 40 हून अधिक मेली आणि जून 2024 मध्ये तमिळनाडूतल्या कल्लकुरिचीत 60 हून अधिक मेली, ती सर्व मिथेनॉलने. बोटादमधले मिथेनॉल अहमदाबादच्या एका कारखान्यातून बाहेर काढलेले होते. मालवणीच्या खटल्याचा निकाल लागायला 2024 उजाडले. चार जण दोषी ठरले आणि दहा सुटले.

मिथेनॉलला वेगळी चव किंवा वेगळा वास असा नसतोच म्हणा. धार पेटवून निळी ज्योत आली की माल चोख, अशी खेड्यापाड्यांत आणि शहरातल्या वस्त्यांतही समजूत आहे. मिथेनॉलसुद्धा तसेच निळसर पेटते, हे कोणीतरी ओरडून सांगायला हवे. प्यायल्यावर सुरुवातीला साधी झिंग येते. नंतर बारा ते चोवीस तासांत शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते, मग पोटात कळा येतात, डोळ्यांपुढे धुके येते, दृष्टी जाते आणि श्वास लागतो. त्या मधल्या तासांत माणूस रुग्णालयात पोहोचला तर डायलिसिसने आणि योग्य औषधांनी वाचू शकतो. पण भीतीपोटी घरचे लोक “काही प्यायलेला नाही” असे सांगतात आणि तेवढा वेळ हातचा जातो. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही दोन मोठी शासकीय रुग्णालये आहेत, तेव्हा इथे उपचार नाहीत असे म्हणता येणार नाही. कोणत्याही वस्तीतून अंधुक दिसण्याच्या तक्रारीचे दोन-तीन रुग्ण एकाच दिवशी आले, तर रुग्णालयातून थेट भरारी पथकाला फोन जावा इतकी व्यवस्था लेखी असायला हवी.

मिथेनॉलच्या साठ्याच्या नोंदवह्या तपासणे, टँकर कोठून निघाला, कोठे रिकामा झाला आणि वाटेत किती लिटर कमी झाले हे पाहणे, हे काम खरोखर जीव वाचवणारे आहे. नागपूरला त्याचे महत्त्व अधिक आहे. उत्तर-दक्षिण जाणारा 44 क्रमांकाचा आणि पूर्व-पश्चिम जाणारा 53 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग इथे एकमेकांना छेदतात आणि बुटीबोरी व हिंगणा या मोठ्या औद्योगिक वसाहती शहराच्या जवळ आहेत. या वसाहतींत काही गैर चालते असे माझे म्हणणे नाही. परंतु जिथून इतकी रसायने जातात तिथे टँकरची तपासणी हे रोजचे काम असले पाहिजे आणि त्या तपासणीला मासिक तक्त्यात स्वतंत्र रकाना असला पाहिजे. आज असा एक दिवस घालवणाऱ्या निरीक्षकाच्या नावापुढे लिटरच्या रकान्यात शून्य येते. ज्या दिवशी काहीच सापडले नाही, तो दिवस वाया गेला असे ज्या मापाने ठरते, ते माप बदलावे अशी माझी विनंती आहे.

हे आताच लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढवले. देशी दारूच्या 180 मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत 80 रुपये झाली. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला तो पव्वा परवडत नाही, तेव्हा तो प्यायचे सोडतोच असे नाही. पुष्कळदा तो पन्नीतल्या गावठी दारूकडे वळतो, कारण ती कितीतरी स्वस्त मिळते. म्हणजे शुल्क वाढवण्याच्या प्रत्येक निर्णयाबरोबर हातभट्टी रोखणाऱ्यांचे कामही वाढते. त्याच निर्णयात विभागासाठी 744 नवीन आणि 479 पर्यवेक्षकीय, अशा एकूण 1,223 पदांना मंजुरी मिळाली, हे चांगले झाले. ही पदे भरताना किती माणसे महसुलाच्या कामाला आणि किती भरारी पथकांना दिली जाणार, हे जिल्हानिहाय जाहीर व्हावे. नागपूर जिल्ह्याच्या वाट्याला काय आले हे विचारण्याचा अधिकार आम्हा नागरिकांना आहे, असे मी मानतो.

गावातल्या बायकांच्या वाट्याला काय येते, तेही इथेच लिहायला हवे. परवानाधारक दुकान बंद करायचे असेल तर आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या बाजूने, मतदान करण्याची सोय त्यांना आहे आणि अनेक गावांतल्या बायकांनी ते धैर्याने करून दाखवले आहे. हातभट्टीला मात्र परवानाच नाही, म्हणून तिच्याविरुद्ध मत द्यायला पेटीही नाही. बायका तक्रार करतात, पथक येते, पिंपे फुटतात, पथक निघून जाते; आणि तक्रार कोणी केली हे संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला ठाऊक होते. तक्रारदाराचे नाव गुप्त राहील याची हमी देता येत नसेल, तर तक्रारीचे क्रमांक भिंतीवर रंगवून उपयोग नाही.

सोलापूर ग्रामीण पोलिसांनी 2021 मध्ये ‘ऑपरेशन परिवर्तन’ नावाने जे काम केले त्याची आठवण इथे द्यावीशी वाटते. तेव्हाच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी हातभट्टीसाठी ओळखली जाणारी गावे आणि तांडे अधिकाऱ्यांना दत्तक दिले. छापे चालूच राहिले, पण त्यांच्या जोडीने त्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळवून देण्याचे आणि मुलांच्या शिक्षणाकडे पाहण्याचे कामही हाती घेतले गेले. तिथे एक अधिकारी एका तांड्याशी बांधला गेला होता, म्हणून पुन्हा धूर दिसला तर तो कोणाच्या नावावर जाईल हे ठरलेले होते. मला त्या प्रयोगातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आपल्याकडेही प्रत्येक नाला कोणाच्या तरी नावावर असावा. त्याचे मूल्यमापन वर्षाच्या शेवटी दोन प्रश्नांवर व्हावे: त्या जागी भट्टी पुन्हा पेटली का, आणि माल पुरवणारा व उचलणारा माणूस न्यायालयापुढे आला का.

संपादक महोदय, शेवटी आपल्याकडेच एक मागणे आहे. छाप्याची बातमी छापताना तिच्याखाली एक ओळ अधिक छापावी: याच ठिकाणी यापूर्वी किती वेळा छापा पडला होता आणि त्या खटल्यांचे काय झाले. ही माहिती आपल्या वार्ताहराने विचारली, तर ती द्यावी लागेल, आणि ती देता यावी म्हणून कोणीतरी ती लिहून ठेवू लागेल. येत्या फाल्गुनात मोह पुन्हा फुलेल, त्याआधी ही प्रथा सुरू झाली तर बरे. मी ज्या नाल्याविषयी वर लिहिले, त्याच्यापुरती ती ओळ माझ्याकडे आहे. मी त्या साझ्यात होतो त्या तीन वर्षांत तिथे चार वेळा छापा पडला, चारही वेळा आरोपी म्हणून बायकांचीच नावे लागली आणि मोहफूल उधार देणारा माणूस कोण, हे एकाही पंचनाम्यात नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त तलाठी, नागपूर